आरोप आणि अपराध : इंग्रजी भाषेतील चौर्यविषयक शब्दांचा इतिहास

इंग्लंडच्या फौजदारी न्यायालयांत कैद्याने ‘मी निर्दोष आहे’ असे सांगितल्यावर राजपक्षाचा कारकून त्यास एक ठरावीक उत्तर देत असे. हे उत्तर नॉर्मन विजयानंतर न्यायालयांत रूढ झालेल्या फ्रेंच भाषेत असे, आणि त्याचा आशय असा की, ‘तू दोषी आहेस, आणि ते सिद्ध करण्यास आम्ही तयार आहोत.’ यातील ‘दोषी’ या अर्थाचा शब्द ‘कुल्पाब्ल’ आणि ‘तयार’ या अर्थाचा शब्द ‘प्रेस्त’. न्यायालयाच्या दप्तरात हे दोन्ही शब्द संक्षेपाने ‘कुल. प्रिट’ असे लिहिले जात. पुढे विधिज्ञांची फ्रेंच कारकुनांनाही नीटशी कळेनाशी झाली, तेव्हा हा संक्षेप म्हणजे कैद्यास उद्देशून वापरावयाचे संबोधनच होय असा समज झाला. १६७८ मध्ये पेंब्रोकच्या अर्लवर खुनाचा खटला चालला, त्यात हा शब्द अशाच संबोधनाच्या रूपाने आढळतो. ‘कल्प्रिट’ या इंग्रजी शब्दाची विधिज्ञांच्या परंपरेत सांगितली जाणारी उत्पत्ती ही अशी आहे.

त्या वेळी ‘कल्प्रिट’चा अर्थ ‘ज्याचा न्याय व्हावयाचा आहे तो’ एवढाच होता. परंतु ‘दोष’ या अर्थाच्या लॅटिन ‘कुल्पा’ शब्दाशी असलेले त्याचे साम्य शिक्षितांच्या मनात सदैव जागे असे. अठराव्या शतकात या साम्याने शब्दाच्या अर्थावर मात केली आणि ‘कल्प्रिट’ म्हणजे अपराधी असा अर्थ रूढ झाला. ‘सिद्ध करण्यास तयार आहोत’ ही फिर्यादी पक्षाची प्रतिज्ञा होती. ती वापरता वापरता झिजत गेली आणि सिद्धतेवाचूनच निर्णय होऊन बसली.

ही एक भाषिक गंमत म्हणून सोडून देता आली असती. परंतु आरोप व चौर्य यांविषयीचे इंग्रजी शब्द क्रमाने पाहू गेल्यास हीच घसरण पुन्हा पुन्हा दृष्टीस पडते. आरोप आणि अपराध यांमध्ये विधिशास्त्र जी रेषा आखते, ती भाषा पुसत जाते. आणि काही प्रसंगी विधिनियमच भाषेच्या बाजूस जाऊन मिळतो. यातील शेवटचा प्रकार हिंदुस्थानच्या इतिहासाशी निगडित असल्याने त्याचा विचार पुढे काहीशा विस्ताराने केला आहे.

प्रथम ‘क्राइम’ हाच शब्द घ्यावा. त्याचे मूळ असलेल्या लॅटिन ‘क्रिमेन’ शब्दाचा प्राथमिक अर्थ अपराध नसून आरोप, दोषारोपण हा होय. एखाद्याने दुसऱ्यावर न्यायसभेत जे ठेवावयाचे ते ‘क्रिमेन’. ज्याविषयी आरोप करावयाचा ते कृत्यही त्याच शब्दाने ओळखले जाऊ लागले, आणि फ्रेंचच्या मार्गाने तो इंग्रजीत आला तेव्हा आरोपाचा अर्थ मागे पडून पाप व अपराध हे अर्थच उरले होते. अँग्लो-सॅक्सन भाषेतील ‘साकू’ या शब्दाचीही अशीच कथा आहे. वाद, खटला, आरोप आणि दोष हे सर्व अर्थ त्या एका शब्दात नांदत होते. आजच्या इंग्रजीत तो ‘अमक्यासाठी’ अशा अर्थाच्या निरुपद्रवी वाक्प्रयोगात ‘सेक’ या रूपाने उरला आहे. ‘तुझ्यासाठी’ असे म्हणणाऱ्या इंग्रजास आपण मुळात ‘तुझ्या खटल्याकारणे’ असे म्हणत आहोत याची जाणीव अर्थातच नसते.

याच्या उलट, काही शब्दांत आरोप हे केवळ लादलेले ओझे आहे याची खूण टिकून राहिली. ‘चार्ज’ हा शब्द गाडी या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला असून त्याचा मूळ अर्थ गाडीवर भार लादणे हा आहे. संस्कृत ‘आरोप’ शब्दाची घडण याच्याशी जुळते. ‘आ’ उपसर्गपूर्वक ‘रुह्’ धातूच्या प्रयोजक रूपापासून तो सिद्ध होतो, म्हणजे ‘वर चढविणे, वर ठेवणे’. वेदान्तशास्त्रात तर अध्यारोप म्हणजे जे नाही त्याची कल्पना करून ते वस्तूवर लादणे होय. मराठीत न्यायालयाच्या व्यवहारासाठी हा शब्द स्वीकारला गेला तेव्हा ही तात्त्विक बाजू कोणाच्या ध्यानी असेलच असे नाही. तथापि आरोप सत्य असेलच असे नाही हे त्या शब्दाने स्वतःपुरते सांगून ठेवले आहे. ‘इंपीच’ या शब्दात ओझ्याऐवजी बेडी आहे, कारण ज्या लॅटिन क्रियापदापासून तो आला त्याचा अर्थ पाय अडकविणे असा होतो. वॉरन हेस्टिंग्जवरील अभियोग १७८८ ते १७९५ अशी सात वर्षे चालला आणि अखेरीस तो निर्दोष सुटला. पाय अडकविणे या मूळ अर्थास साजेसे याहून दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

आता प्रत्यक्ष चोरीच्या शब्दांकडे वळावयाचे. ‘थीफ’, ‘थेफ्ट’ आणि ‘स्टील’ हे तिन्ही शब्द अँग्लो-सॅक्सनांचे स्वतःचे असून इतर जर्मानिक भाषांतही त्यांची भावंडे आहेत. चोर या अर्थाच्या वैदिक ‘स्तेन’ शब्दाशी ‘स्टील’चे नाते जोडण्याचा मोह येथील विद्यार्थ्यास होणे स्वाभाविक आहे, परंतु तो आवरलेला बरा. या दोन शब्दांचे धातू भिन्न आहेत आणि साम्य केवळ ध्वनीचे आहे. ‘स्टील’चे खरे स्वरूप त्याच्या कुटुंबात पाहावे. त्यापासून निघालेल्या ‘स्टेल्थ’चा अर्थ प्रथम चोरी असा होता, पुढे तो गुप्तपणा असा झाला. दबा धरून मागे जाणे या अर्थाचे ‘स्टॉक’ हे क्रियापदही याच कुळातील मानले जाते. म्हणजे चौर्याच्या कल्पनेत परद्रव्य घेण्याइतकेच ते लपून घेणे महत्त्वाचे होते. मनुस्मृतीने व कौटिल्याने ‘साहस’ व ‘स्तेय’ असा भेद केला आहे. धन्याच्या समक्ष, बळजबरीने केलेले कृत्य ते साहस. परोक्ष केलेले ते स्तेय. जर्मानिक समाजांचा दृष्टिकोनही फार वेगळा नव्हता.

ग्रीक व लॅटिन भाषांत चोरास जे नाव मिळाले त्यात गुप्ततेपेक्षा वाहून नेण्याची क्रिया पुढे येते. लॅटिन ‘फूर’ व ग्रीक ‘फोर’ हे ‘वाहणे’ या अर्थाच्या, संस्कृत ‘भृ’शी सजातीय असलेल्या धातूकडे नेले जातात. इंग्रजीने या ‘फूर’चा विधिविषयक उपयोग केला नाही, ‘फर्टिव्ह’ हे विशेषण आणि ‘फेरेट’ या प्राण्याचे नाव एवढीच त्याची इंग्रजीतील मिळकत होय. माणसे पळविणाऱ्यास रोमन लोक ‘प्लागिआरिउस’ म्हणत. मार्शल या कवीने आपली काव्ये स्वतःची म्हणून वाचणाऱ्यास हे नाव दिले आणि त्यातूनच वाङ्मयचौर्याचा इंग्रजी शब्द पुढे घडला. मार्शलच्या दृष्टीने त्याची काव्ये ही त्याने दास्यमुक्त केलेली माणसे होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या शिवीची धार कळते.

वेसेक्सचा राजा इनी याच्या सातव्या शतकाच्या अखेरच्या विधिसंग्रहात एक विलक्षण नियम आहे. सात माणसांपर्यंत ते चोर समजावेत. सातापासून पस्तिसांपर्यंत ती टोळी होय. त्यापुढे ते सैन्य होय. यातील सैन्यवाचक ‘हेरे’ हाच शब्द पुढे अँग्लो-सॅक्सन बखरीने डेन आक्रमकांच्या फौजेस लाविला. कृत्य एकच, करणाऱ्यांची संख्या वाढत गेली की शब्द पालटतो. त्या काळी चोरी शाबीत करण्याचा सर्वांत निर्विवाद मार्ग म्हणजे चोर मालासह सापडणे हा होता. असा चोर ‘हाती असलेला’ किंवा ‘पाठीवर वाहणारा’ या अर्थाच्या शब्दांनी ओळखला जाई. आपल्याकडे ‘मुद्देमालासह पकडला’ असे म्हणतात त्यातील ‘मुद्दा’ अरबी असून त्याचा संबंध दाव्याशी आहे, आणि ‘फिर्याद’ हा फारसी शब्द तर मुळात मदतीसाठी केलेली आरोळीच होय. इंग्लंडमध्येही चोराच्या मागे गावाने आरडाओरड करीत धावावयाचे असे. एडवर्ड पहिल्याच्या १२८५ च्या विंचेस्टर येथील कायद्याने हे कर्तव्य पक्के केले.

डेन लोकांनी चोरीच्या शब्दसंग्रहात जी भर घातली तीत ‘रॅनसॅक’ हा शब्द सर्वांत बोधप्रद आहे. त्यातील पूर्वपदाचा अर्थ घर आणि उत्तरपदाचा अर्थ शोधणे. स्कँडिनेव्हियन विधिव्यवहारात चोरीचा माल हुडकण्यासाठी घराची रीतसर झडती घेणे यास हा शब्द होता. इंग्रजीत आज त्याचा अर्थ घर लुटून अस्ताव्यस्त करणे असा आहे. झडती देणाऱ्यास झडती आणि लूट यांतील भेद कितपत जाणवत होता, हे या एका शब्दावरून अनुमानता येते.

नॉर्मन विजयानंतर (१०६६) राजदरबारी चोरीचे नाव ‘लार्सेनी’ झाले. त्याचे मूळ लॅटिन ‘लात्रो’, म्हणजे प्रथम भाडोत्री सैनिक व मग वाटमाऱ्या. पगार थकलेल्या शिपायाचा दरोडेखोर होण्यास फार वेळ लागत नाही, हे रोमन लोकांस अनुभवाने ठाऊक होते. बारा पेन्सांहून अधिक किमतीची चोरी ती मोठी, त्याहून कमी ती लहान, असा भेद १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्यापासून मानला जाऊ लागला. तो १८२७ मध्ये रद्द झाला. ‘रॉब’ हा शब्दही फ्रेंचांकडूनच आला, पण तो फ्रेंचांना जर्मानिक टोळ्यांकडून मिळाला होता. अंगरखा या अर्थाचा ‘रोब’ हा त्याचा सख्खा भाऊ होय, कारण जिंकलेल्या शत्रूच्या अंगावरून उतरवून घेतलेले वस्त्र ही लुटीतील पहिली वस्तू. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेला ‘लूट’ हा शब्द काही विद्वान संस्कृत ‘लुण्ठ्’ धातूशी जोडतात, तर काही ‘लोप्त्र’ या चोरीचा माल दर्शविणाऱ्या शब्दाशी. दुसरे मत स्वीकारल्यास ‘लूट’ आणि ‘रॉब’ हे एकाच इंडो-युरोपीय धातूचे वंशज ठरतात. १८४० नंतरच्या चीनमधील व १८५७ च्या हिंदुस्थानातील युद्धांनी हा शब्द सामान्य इंग्रजाच्या तोंडी बसविला. तो कोणाच्या कृत्यांचे वर्णन करण्यासाठी बसला, हे सांगण्याची गरज नाही.

आरोपाच्या इतिहासात ११६६ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी दुसऱ्या हेन्रीने क्लॅरेंडन येथे असा हुकूम केला की, प्रत्येक शंभरीतील बारा व प्रत्येक गावातील चार सचोटीच्या माणसांनी शपथेवर सांगावे की, आपल्या टापूत लुटारू, खुनी अथवा चोर म्हणून कोणावर आरोप आहे किंवा कोणाची तशी ख्याती आहे. तोपर्यंत चोरीची फिर्याद मुख्यतः ज्याचे गेले त्याने करावयाची असे. आता गावाच्या मुखाने राजा स्वतः आरोप करू लागला. या हुकुमातील ‘आरोपित’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे मूळ ‘समजणे, लेखणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे, ज्यापासून इंग्रजी ‘रेप्युटेशन’ निघाले. म्हणजे आरोप आणि लौकिक हे दोन शब्द एकाच झाडाच्या फांद्या होत. नाव निघालेल्या माणसास जलदिव्य करावे लागे. त्यात तो उतरला तरी, ज्याची गावात फारच दुष्कीर्ती आहे अशाने आठ दिवसांच्या आत राज्य सोडून समुद्रापलीकडे जावे, अशी तरतूद त्याच हुकुमात होती. देवाने निर्दोष ठरविले तरी गावाने दोषी मानले ते मानलेच. १२१५ मध्ये रोमच्या धर्मपरिषदेने धर्माधिकाऱ्यांस दिव्यात भाग घेण्यास मनाई केली आणि न्यायनिर्णयासाठी दुसरी ज्यूरी आली. परंतु ‘ख्यात’ असणे हेच एक प्रकारचे प्रमाण होय ही समजूत दिव्याबरोबर नाहीशी झाली नाही.

ही ख्याती शरीरावर लिहिण्याची सोय सातव्या हेन्रीने १४८९ मध्ये केली. धर्मसेवकांना मिळणारी शिक्षेतील सूट एकदा घेतलेल्या गुन्हेगारास ती पुन्हा मागता येऊ नये म्हणून खुन्याच्या अंगठ्यावर ‘एम्’ आणि चोर व अन्य गुन्हेगारांच्या अंगठ्यावर ‘टी’ हे अक्षर डागले जाऊ लागले. ‘थीफ’ या शब्दाचे आद्याक्षर मांसात उतरले. अशा डागण्या अठराव्या शतकापर्यंत चालू होत्या.

या पार्श्वभूमीवर कंपनी सरकारच्या राज्याकडे पाहिले पाहिजे. बंगालमध्ये १७९७ पासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदविला जात असे. ही प्रथा १८४९ मध्ये बंद झाली, परंतु तत्पूर्वी पुष्कळ कैद्यांच्या कपाळी ठग म्हणून अक्षरे उमटली होती. ‘ठग’ हा शब्द संस्कृत ‘स्थग’पासून आला, झाकणे, लपविणे हा त्या धातूचा अर्थ. इंग्रजीतील छपराचे गवत दर्शविणारा ‘थॅच’ हा शब्द त्याच धातूच्या कुळातला आहे. मराठीत व हिंदीत ‘ठक’ अथवा ‘ठग’ म्हणजे फसवणारा. त्यात खुनाचा अर्थ अनिवार्य नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यास गळफासाने खून करणाऱ्या वंशपरंपरागत संघाचा अर्थ दिला. विल्यम स्लीमन याने १८३६ मध्ये कलकत्त्यास ‘रामासीआना’ हा ठगांच्या गुप्त भाषेचा कोश प्रसिद्ध केला. त्यातील सामग्री मुख्यतः माफीच्या साक्षीदारांनी पुरविलेली होती. त्याच वर्षाच्या तिसाव्या अधिनियमाने, ठगांच्या कोणत्याही टोळीत पूर्वी अथवा पश्चात सामील असल्याचे सिद्ध झाल्यास जन्मठेप ठरविली. विशिष्ट खून सिद्ध करण्याची आवश्यकता राहिली नाही, आणि ठग म्हणजे कोण याची व्याख्याही अधिनियमाने दिली नाही. कोश निघाला, पण विधिनियमातील मुख्य शब्द मात्र अर्थावाचून राहिला.

ती व्याख्या १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३१० ने दिली. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यावर आधारलेल्या या संहितेने ‘लार्सेनी’चा किचकट वारसा टाळून ‘थेफ्ट’ हा साधा शब्द घेतला, हे तिचे श्रेय होय. खुद्द इंग्लंडमध्ये ‘लार्सेनी’ हटून ‘थेफ्ट’ यावयास १९६८ चा कायदा व्हावा लागला. हिंदी ‘डकैत’पासून घडविलेला ‘डकॉयटी’ हा शब्दही संहितेने स्वीकारला, आणि पाच अथवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा असे ठरविले. इनीच्या सातांच्या जागी पाच आले, एवढेच. चोरी, जबरी चोरी व दरोडा यांच्या व्याख्या अमुक कृत्य केले असता अमुक अपराध होतो अशा धर्तीच्या आहेत. कलम ३१० चे वळण निराळे आहे. खुनासहित लूट अथवा मुले पळविणे यांसाठी जो इतरांशी सवयीने संबंध ठेवतो तो ‘ठग आहे’, असे ते म्हणते. इतरत्र कृत्याचे नाव आहे, येथे माणसाचे. १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने दरोड्याचे कलम ठेवले आणि ठगाचे गाळले.

सवयीवरून माणसाची जात ठरविण्याचे पुढचे पाऊल १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या अधिनियमाने टाकले. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ च्या नव्या अधिनियमाने मुंबई इलाख्यासही लागू होऊ शकला. सरकारने राजपत्रात एखाद्या जमातीचे नाव जाहीर केले की ती ‘नोटिफाइड’ झाली. या घोषणेच्या वैधतेस न्यायालयात आव्हान देता येत नसे. ‘नोटिफाय’ म्हणजे ज्ञात करणे. कुप्रसिद्ध या अर्थाचा ‘नोटोरिअस’ शब्दही ज्ञात या अर्थाच्या त्याच लॅटिन विशेषणापासून निघालेला आहे. क्लॅरेंडनला गावाची बारा माणसे निदान शपथ घेऊन एकेका इसमाचे नाव सांगत. येथे राजपत्राची एक ओळ जन्मास न आलेल्या मुलांचीही नावे सांगून मोकळी होत असे. या जमातींस हजेरी, परवाने आणि सोलापूरसारख्या ठिकाणच्या तारेच्या कुंपणातील ‘सेटलमेंट’ यांत राहावे लागले.

भाषेने येथेही आपले काम केले. ‘भामटा’ हे मराठीत एका जमातीचे नाव आहे आणि लुच्चा या अर्थाचे सामान्यनामही आहे. बोलणाऱ्यास दोहोंतील अंतर जाणवत नाही. ‘उचल्या’चे तसेच. उचलणे या क्रियापदास चोरण्याचा अर्थ इंग्रजी ‘लिफ्ट’प्रमाणेच आला. पण इंग्रजीत दुकानातून वस्तू उचलणारा ‘शॉपलिफ्टर’ हा एक इसम राहिला, आणि येथे ‘उचल्या’ ही जात झाली. ‘आरोपी’ या शब्दाकडेही याच दृष्टीने पाहण्याजोगे आहे. व्याकरणदृष्ट्या ज्याच्याजवळ आरोप आहे तो आरोपी. ‘आरोपित’ हा अधिक निःसंदिग्ध शब्द उपलब्ध असता रूढीने ‘आरोपी’ पत्करला, आणि वृत्तपत्री मराठीत तो गुन्हेगाराच्या इतका जवळ सरकला आहे की, ‘आरोपीने खून करून पळ काढला’ अशी वाक्ये खटला उभा राहण्यापूर्वीच छापली जातात.

१८७१ पासून चालत आलेला कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला. ‘नोटिफाइड’ला ‘डी’ हा उपसर्ग लागला; मराठीने त्याचे शब्दशः भाषांतर न करता ‘विमुक्त’ हा शब्द योजिला, आणि तो मूळ इंग्रजीहून सरस आहे. इंग्रजी शब्द राजपत्रातील एक नोंद खोडतो, मराठी शब्द माणसास सोडवितो. तथापि १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा अधिनियम केला, आणि दंड संहितेच्या कलम ३१० मधील सवयीची कल्पना, आता जमातीऐवजी व्यक्तीस उद्देशून, पुन्हा विधिनियमात स्थिरावली. लक्ष्मण गायकवाड यांचे आत्मकथन १९८७ मध्ये ‘उचल्या’ याच नावाने प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच्या इंग्रजी अनुवादास शीर्षक देताना ‘लिफ्टर’ हा सरळ प्रतिशब्द हाताशी असूनही तो घेतला गेला नाही. ‘दि ब्रँडेड’, म्हणजे डागलेला, असे नाव देण्यात आले.